उजव्या मनगटाचा दोरा

"पिन टोचली तर पत्ता नाही, आणि कापूस टेकवला की ओरडतो. नाटक आहे सगळं," कंपनीचे डॉक्टर शेजारच्या लेबर ऑफिसरला म्हणाले. इंग्रजीत म्हणाले, म्हणून आवाज खाली आणायची गरज त्यांना वाटली नाही.

बाबा स्टुलावर बसले होते, उजवा हात मांडीवर उताणा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हनतात गं सायेब?"

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. सातपूरच्या आमच्या कॉलनीत इंग्रजी शाळेत गेलेली मी एकटीच. आपल्या तोंडावर कुणी इंग्रजीत बोललं तर घरात एकाला तरी कळलं पाहिजे, म्हणून बाबांनी मला त्या शाळेत घातलं होतं. ती वेळ आज आली होती.

"काही नाही," मी म्हणाले. "हळूहळू सवय होईल म्हणाले."

बाबा पॉवर प्रेसवर होते, पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्रावर. पाच महिन्यांपूर्वी पत्र्याची कड त्यांच्या मनगटात घुसली आणि आतली नस, म्हणजे रक्ताची नव्हे, स्पर्श वाहून नेणारी, कापली गेली. टाके सुकले, जखम भरली. वरून हात धडधाकट दिसायचा, आणि तेच वाईट झालं. अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होती. एकदा चहाचा गरम पेला त्यांनी धरून ठेवला. टोकांना फोड आले ते आईने किंचाळून दाखवल्यावर त्यांना कळलं. पण मनगटाला आणि तळहाताला सदऱ्याची बाही जरी घासली तरी ते दात आवळायचे. पंख्याचा वारासुद्धा भाजतो म्हणायचे.

पुढे मी याबद्दल मिळेल ते वाचलं. तुटलेली नस पुन्हा वाढू पाहते, पण नीट जुळत नाही. काही धागे बोटांपर्यंत पोचतच नाहीत, म्हणून तिथे सुन्न. जे वाचतात ते कारण नसताना मेंदूकडे खबर धाडत राहतात, आणि पाठीच्या कण्यातली व्यवस्था इतकी हळवी होते की साधा स्पर्शही वेदना म्हणूनच पुढे जातो. म्हणजे पिन न कळणं आणि कापूस सहन न होणं, दोन्ही एकाच माणसाच्या एकाच हातात खरं असू शकतं. त्या खोलीत हे ठाऊक असायला हवं होतं ते फक्त डॉक्टरांना.

महिन्याने पुन्हा तपासणी होती. बाबांना स्टोअरमध्ये हलकं काम द्यायचं की परत प्रेसवर पाठवायचं, ते त्या दिवशी ठरणार होतं. बोटांना काही कळत नसताना प्रेसवर हात घालणं म्हणजे काय, हे कॉलनीत तीन बोटं गमावलेल्या माणसाकडे पाहूनही कळत होतं.

मध्ये पौर्णिमा आली. विहारात परित्राण पाठ झाला आणि भंते एकेकाच्या उजव्या मनगटाला रक्षणाचा पांढरा दोरा बांधू लागले. बाबांनी डावा हात पुढे केला.

"अहो, उजवा द्या उजवा!" मागून शेजारचे काका म्हणाले. तेही त्याच कंपनीत होते. "इथं तरी दांडी मारू नका." चारजण हसले.

बाबांनी उजवा हात दिला. गाठ बसली तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम आला, पण हात मागे घेतला नाही. घरी आई कात्री घेऊन आली. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे. सवय व्हईल म्हनले ना सायेब. सवयच करतो."

मी तिथेच होते. वही उघडून बसले होते. पान उलटलं.

तो दोरा त्यांनी अकरा दिवस ठेवला. झोपताना हात उशीवर उभा धरायचे, जेवताना डाव्या हाताने जेवायचे. रोज सकाळी मला सांगायचे, आज जरा कमी हाय. कमी नव्हतं.

तपासणीला डॉक्टरांनी आधी तो दोराच पाहिला. मग ऑफिसरकडे वळून इंग्रजीत म्हणाले, "बघा. कापूस सहन होत नाही, दोरा होतो. प्रेसवर पाठवा." आणि पेनाचं टोपण काढलं.

बाबा माझ्याकडे पाहून हसले. दोरा दिसला, मेहनत दिसली, असं त्यांना वाटलं असावं. "काय म्हनले?"

त्या खोलीत आजवर मी फक्त बाबांशीच, हळू आवाजात बोलले होते. मी मराठीतच बोलले, तिघांनाही कळावं म्हणून.

"बाबा, ते म्हणतात तुम्ही नाटक करता. मागच्या वेळीही हेच म्हणाले होते. सवय होईल असं कुणीच म्हणालं नव्हतं. ते मी म्हणाले होते."