उल्कान-एजे आणि जिभेखालची गोडी

पडदा वर जायच्या आधी आमच्या थिएटरात, विंगेत, एक रांग लागायची. खान, मेंढपाळ, नवी नवरी, सगळे आपापल्या वेषात उभे आणि रांगेच्या तोंडाशी उल्कान-एजे; एजे म्हणजे आमच्याकडे थोरली बहीण. "तोंड उघड. जीभ वर," असं म्हणत त्या प्रत्येकाच्या जिभेखाली एक पांढरी चपटी गोळी ठेवायच्या. "चावायची नाही. विरघळू दे आपोआप. आणि बडबड बंद."

ती ग्लायसिनची गोळी. आमच्याकडे घरोघरी असायची. परीक्षेच्या सकाळी मुलांना, लांबच्या प्रवासाआधी म्हाताऱ्यांना, सासूशी वाजलं की सुनेला. चवीला गोडसर. मन शांत राहतं, डोकं चालतं, असं औषधाच्या दुकानातली बाई सांगायची आणि आम्ही मान डोलवायचो. पाकिटावर 'अमिनो आम्ल' असं छापलेलं असे. आमचे मुख्य नट शेर्गाझी-बाइके (बाइके म्हणजे थोरला भाऊ) यांनी एकदा ते मोठ्यानं वाचलं.

"उल्कान, हे अमिनो आम्ल म्हणजे काय गं?"

"मांस ज्याचं बनतं ना, त्यातला कण."

"मग कण कशाला? अख्खी मेंढीच ठेव की जिभेखाली!"

"तोंड तेवढं मोठं आहे रे तुझं. पण मेंढी मिळाल्यावर तू संवाद कधी म्हणायचास?"

हसून हसून नव्या नवरीच्या डोळ्यांतलं काजळ ओघळायचं, आणि मग ती घाबरायचं विसरूनच जायची. ती नवरी बहुतेक वेळा मीच असायचे.

नारीन नदीकाठचं आमचं किर्गिझ गाव लहान. सोव्हिएत राज्य जाऊन काही वर्षं झाली होती आणि थिएटर तापवायला कोळसा मिळत नव्हता. प्रेक्षक कोट-टोप्या घालून बसायचे, आम्ही रेशमी झग्याखाली नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, बूट. कधी पगाराच्या जागी पिठाचं पोतं. वीज गेली तर एजेंचे यजमान मामबेत-आके, जे आमची प्रकाशयोजना बघायचे, ट्रकच्या बॅटऱ्या आणून दिवे जोडायचे आणि ओरडायचे, "खानसाहेब, पटापट मरा, बॅटरी संपतेय!" तरी बसायला जागा नसायची. आज गरम, उजळलेल्या नाट्यगृहात अर्ध्या खुर्च्या रिकाम्या बघते तेव्हा ते दिवस फार आठवतात.

एजे प्रॉम्प्टर होत्या. रंगमंचाच्या पुढच्या कडेला एक खड्डा, त्यावर कासवाच्या पाठीसारखं झाकण. त्यात त्या बसायच्या, मांडीवर संहिता, शेजारी कंदील. प्रेक्षकांना त्यांचं नखही दिसायचं नाही, आम्हाला मात्र त्यांचा चेहरा दिसायचा. त्या प्रत्येकाला वेगळ्या तऱ्हेनं सांगायच्या. शेर्गाझी-बाइकेंना फक्त पहिला शब्द, कारण जास्त सांगितलं तर त्यांचा अपमान व्हायचा. मला पूर्ण वाक्य, ओठ मोठे हलवून, आणि वर डोळ्यांनी धीर. इतकी वर्षं कुजबुजून त्यांचा घरचा आवाजही तसाच झाला होता. भाजीवालीशी घासाघीससुद्धा कुजबुजत.

मग एका हिवाळ्यात मामबेत-आके गेले. शिडीवर चढून दिवा बदलत होते, खाली उतरले, "जरा बसतो" म्हणाले आणि बसल्या जागी संपले.

आमच्यात घरधनी गेला की अंगणात नमद्याचा तंबू उभारतात. बायकोनं आत भिंतीकडे तोंड करून बसायचं आणि शोक गायचा. त्याचे गुण, आपलं दुःख, सगळं सुरात, गळा मोकळा सोडून. एजे बसल्या. ओठ हलले. आवाज फुटेना. शेजारच्या बायकांनी वाट पाहिली, मग त्यांच्यातली एक पुढे होऊन गायली. एजेंची मुलगी नुरझात मॉस्कोहून कशीबशी पोचली तेव्हा दफन उरकलं होतं. मॉस्कोत ती एका बेकरीत कामाला होती. जास्त दिवस राहता आलं नाही, परत गेली.

बायका बोलल्याच. "आयुष्यभर कुजबुजली, आता काय गाणार!" "रडलीसुद्धा नाही गं. दगड आहे दगड."

एजे कामावर परत आल्या. रांग लागायची, गोळी मिळायची, पण "जीभ वर" एवढंच. चेष्टा बंद. मग माझ्या लक्षात आलं, त्यांच्या स्वतःच्या जिभेखालीही सारखी एक गोळी असते. तालमीत, चहाच्या वेळी, रस्त्यानं चालताना. एक विरघळली की दुसरी.

त्यातच बाजारात एक बाई येऊ लागली. पाठीवर पिशवी, पिशवीत प्लास्टिकच्या बरण्या. घरोघर जाऊन सांगायची, "हे मेंदूचं खाणं आहे. माणूस दुःखी का होतो? आत अमिनो आम्लं कमी पडतात म्हणून." एजेंच्या खिडकीत बरण्या दिसू लागल्या. सकाळी एक, जेवणाआधी दुसरी, झोपताना तिसरी. मी एकदा न राहवून बोलले, "एजे, एवढं सगळं कशाला घेता?"

"मी आजारी नाही गं पोरी. माझ्यात काहीतरी कमी पडलंय. भरून काढलं की झालं."

मला वाटलं, विधवा बाई आहे, वेळ लागतोच. त्या मात्र दिवसेंदिवस वाळत चालल्या होत्या. केस विंचरलेले नसायचे. पुढ्यातला चहा गार व्हायचा आणि त्यांना पत्ता नसायचा.

वसंतात आम्ही खानाचं जुनं नाटक पुन्हा लावलं. दुसऱ्या अंकात शेर्गाझी-बाइके लांबलचक भाषण करायचे. मध्यावर आले आणि अडकले. त्यांचं अडकणं नेहमीचंच. मिशीवरून हात फिरवत खड्ड्याकडे बघायचे, शब्द यायचा, गाडी पुढे. त्या दिवशी मिशीवरून हात फिरला, शब्द आला नाही. पुन्हा फिरवला. मी नवरीच्या वेषात शेजारी उभी. वाकून पाहिलं तर एजे संहितेकडे बघत होत्या, पान बरोबर उघडलेलं, ओठ मिटलेले, गालांवरून पाणी वाहतंय.

मग शेर्गाझी-बाइकेंनी जे केलं ते मी कधी विसरणार नाही. त्यांनी मुकुट काढला, चालत पुढे आले आणि खड्ड्याच्या काठावर मांडी घालून बसले.

"उल्कान," ते म्हणाले, हळू, पण शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. "काय होतंय तुला?"

"पान दिसतंय रे," एजे म्हणाल्या. "अक्षरं दिसत नाहीत. कधीपासून दिसत नाहीयेत."

बाइके उठले, प्रेक्षकांकडे वळले. "मंडळी, आमच्या एजेंना बरं नाही. आजचं नाटक पुढच्या आठवड्यात. तिकिटं जपून ठेवा, आणि ज्यांच्या घरी आज मांस शिजलंय त्यांनी खुशाल आम्हाला बोलवा!" कुणी हुर्यो उडवली नाही. एक म्हातारा उठून "अल्ला तिला बळ देवो" म्हणाला, आणि लोक टोप्या चढवून निघून गेले. दुसऱ्या दिवशी एजेंच्या दारात कायमाक, म्हणजे आमची घट्ट साय, भाकऱ्या आणि कुणीतरी बांधून आणलेली कोंबडी होती.

दिग्दर्शक म्हणाले, दुसरा प्रॉम्प्टर बघू. बाइके म्हणाले, "बघा. दुसरा खानही बघा मग." विषय तिथंच मिटला.

एजेंना डॉक्टरकडे नेणं सोपं नव्हतं. मनाचे डॉक्टर म्हटल्यावर त्या उसळल्या. बऱ्याच महिन्यांत पहिल्यांदा उसळल्या म्हणून मला बरंच वाटलं.

"मी वेडी आहे का? एकदा वेड्यांच्या यादीत नाव गेलं की गेलं! नुरझातचं लग्न व्हायचंय अजून!"

"कसली यादी, एजे? तो सोव्हिएत जमाना गेला."

"जमाने जातात, शेजारी राहतात."

शेवटी बाइके त्यांची मोडकी मोटार घेऊन दारात उभे राहिले. "मला गुडघा दाखवायचाय. सोबत चल. एकट्याला भीती वाटते." एजेंना खोटं कळलं होतं. तरी डोक्याला ओढणी बांधली आणि बसल्या. मीही सोबत गेले.

डॉक्टर नेल्ली आर्कादियेव्ना. बहुतेक रशियन कुटुंबं निघून गेली, या राहिल्या. त्यांनी आधी काही विचारलंच नाही, चहा ओतला. मग म्हणाल्या, "घरी काय काय घेता?" एजेंनी पिशवीतल्या बरण्या एकेक करून टेबलावर मांडल्या. डॉक्टरांनी चष्मा लावून वाचल्या.

"हे सगळं मांसात, दह्यात, अंड्यांत असतं. तुम्ही शेवटचं पोटभर कधी जेवलात?"

एजेंना आठवेना.

"या दोन बरण्या बंद करायच्या. मी जे औषध देणार आहे त्याच्याबरोबर त्या चालत नाहीत, अपाय होईल. ग्लायसिन हवं तर ठेवा. त्यानं कुणाला थोडं निवांत वाटतं, मीही घेते. पण तुमचं दुखणं त्याच्या आवाक्यातलं नाही. त्याला उपचार आहे, आणि वेळ लागतो."

"म्हणजे माझ्यात काही कमी नाही?"

"तुमचा नवरा कमी आहे," डॉक्टर म्हणाल्या. "तो मला देता येणार नाही. पण तुम्हाला झोप, भूक आणि अक्षरं परत देता येतील. प्रयत्न करू."

परतीच्या वाटेवर, घाटात, एजे म्हणाल्या, "बाई सरळ बोलते." आणि थोड्या वेळानं, "शेर्गाझी, तुझ्या गुडघ्याचं काय म्हणाली?"

"म्हणाली, जीभ जास्त चालते म्हणून गुडघा थकतो."

पहिले काही आठवडे काहीच झालं नाही. उलट तोंड कोरडं पडतंय, झोपच येते, म्हणून त्या चिडायच्या. डॉक्टर महिन्यातून एकदा बोलवायच्या, बोलायला लावायच्या. एजे त्यांना मामबेत-आकेंबद्दल सांगायच्या आणि आल्यावर थकून झोपायच्या. उन्हाळ्याच्या शेवटी मी त्यांच्याकडे गेले तर त्या पीठ मळत होत्या. "बस. बोरसोक तळते. आणि ती बाटली उचल तिथून, सांडशील." तो दरडावणीचा सूर ऐकून मी खरंच बसले.

वर्षश्राद्धाला, आम्ही ज्याला आश म्हणतो, नुरझात आली. घोडं कापलं, सगळं गाव जेवलं. बायका तंबूत बसल्या होत्या. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी अपेक्षाही केली नव्हती. एजे भिंतीकडे वळल्या आणि गाऊ लागल्या. आवाज फाटका, चिरका. शिडीवर चढणारा माझा माणूस, अंधारात उजेड जोडणारा माझा माणूस. बाहेर पुरुषांचं बोलणं थांबलं. नुरझात आईला मागून मिठी मारून रडत होती. आणि ज्या बायका दगड म्हणाल्या होत्या त्याच आता हुंदके देत एजेंच्या सुरात सूर मिसळत होत्या.

त्यानंतर एजेंनी कित्येक वर्षं काम केलं. औषध हळूहळू कमी करत बंद झालं. मध्ये एका हिवाळ्यात पुन्हा लागलं, तेव्हा त्या आपण होऊन डॉक्टरांकडे गेल्या, आणि कुणी विचारलं तर लपवलंही नाही. गावातल्या दोघी-तिघी त्यांचं बघून गेल्या. पुढे थिएटर दुरुस्त झालं, खड्डा बुजवला, त्यावर नवी फळी आली. एजे निवृत्त होऊन इसिक-कुल सरोवराकाठी धाकट्या बहिणीकडे राहायला गेल्या. तिथं जर्दाळूची बाग होती, आणि उन्हाळ्यात पाहुणे ठेवायच्या. परदेशी पाहुण्यांवर किर्गिझमध्येच ओरडायच्या आणि ते मुकाट्यानं चपला दाराबाहेर काढायचे.

आता त्या नाहीत. शेवटची भेट मात्र अगदी लख्ख आठवते. मी निघाले तेव्हा त्यांनी बादलीभर जर्दाळू माझ्या हातात दिले आणि टॅक्सीच्या ड्रायव्हरला दरडावलं, "हिला पुढं बसव. मागं बसली की ओकते."

"पुढची जागा दिलीय, एजे, दुसऱ्याला."

"मग त्याला मागं बसव. तो माणूस ओकतो का? नाही ना? विचारलंस का त्याला?"

पुढे बसलेला गृहस्थ हसत हसत उतरला आणि मागे गेला. एजेंनी खिडकीतून हात घालून बादली माझ्या मांडीवर नीट बसवली, दार धाडकन लावलं, आणि गाडी वळेपर्यंत रस्त्याच्या मधोमध उभ्या राहून ड्रायव्हरला वळण कसं घ्यायचं ते सांगत राहिल्या.