शालनबाईंची सतरा भुतं

बुधवार, १२ फेब्रुवारी. खाडीकाठी शालनबाईंचा दहावा. हजर: मुंबईहून आलेला भाचा श्रीधर, भटजी, शेजारच्या मालूताई आणि मी. गैरहजर: कावळा.

शालनबाई चित्रकलेच्या निवृत्त शिक्षिका. मुलांसाठी कादंबरी लिहीत होत्या: केळशीतली यमू गावातल्या मेलेल्या माणसांशी मैत्री करते, अशी. दर शनिवारी आमच्या वाचनालयात येऊन मुलांना नवं प्रकरण वाचून दाखवायच्या. बालविभाग माझ्याकडे, म्हणून हस्तलिखित तपासणंही माझ्याकडेच आलं. मी भुतांची यादी केली होती. नाव, मृत्यूचं कारण, मागणी. एकूण सतरा.

"बाई, कोण भूत आहे हे आधीच सांगून टाका ना," मी एकदा सुचवलं.

"अगो वसू, तुला कोणी 'ए माणसा' म्हणून हाक मारतं का? मेलेल्यालाही नाव असतं हो."

"आणि होडीसकट बुडालेला तांडेल सहाव्या प्रकरणात पेज जेवतोय."

"तो मेला. भूक कुठे मेली त्याची?"

शेवटचं प्रकरण मात्र हलेना. त्यात यमूनं तांडेलाला कायमचा निरोप द्यायचा होता. मी तीन तारखा ठरवून दिल्या, बाईंनी तिन्ही चुकवल्या. "निरोप काय उरकायचा असतो, गो?" मुलं दर शनिवारी विचारायची, "तांडेल गेला?" बाई खुशीत सांगायच्या, "नाही रे, आहे अजून."

मग बाईच गेल्या, तेही मला तारीख न कळवता.

तर पिंड तसाच होता. श्रीधरनं घर विकणार नाही म्हणून सांगितलं. मालूताईंनी बाईंचं मांजर पत्करलं. समोरच्या माडावर कावळा येऊन बसला, पण ढिम्म. श्रीधरला दुपारची गाडी गाठायची होती. "आठवा, बाईंचं काय राहिलंय," भटजी म्हणाले. मी घड्याळ पाहिलं आणि बोलून गेले, "बाई, शेवटचं प्रकरण मी लिहीन."

कावळा उतरला. मला यादीखेरीज काही लिहिता येत नाही, हे त्याला कोण सांगणार?

आता दर सोमवारी ते प्रकरण कामांच्या जुन्या यादीतून नव्या यादीत जातं. मी लिहायला बसते, तांडेलाला होडीपर्यंत नेते, आणि तिथून परत आणते. परवाच्या शनिवारी मुलांनी विचारलं, "तांडेल गेला?"

"नाही रे," मी म्हटलं, "पेज जेवतोय."