सोलापूरच्या गिरणीचं नवं हपीस

सोलापूरला वैशाखात जाऊ नका, असं सगळ्यांनी बजावलं होतं. पण तिथल्या एका गिरणीच्या नव्या हपिसाचा नकाशा करायचा होता, आणि एकट्याच्या जबाबदारीवर मिळालेलं हे माझं पहिलंच काम. मालकांच्या पसंतीस उतरलं नाही, तर पुन्हा दुसऱ्यांचे नकाशे गिरवत बसायचं. मी वैशाखातच निघालो.

पुण्याहून सकाळची गाडी धरावी, पाण्याचा फिरकीचा तांब्या भरून घ्यावा आणि कुर्डुवाडीनंतर खिडकीपाशी बसायचा हट्ट सोडावा. स्टेशनबाहेर टांगेवाला आठ आणे मागतो, चार आण्यांत येतो. खानावळीत ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी झकास मिळते. चटणी मी दोनदा मागून घेतली, त्याची शिक्षाही भोगली.

दुसऱ्या दिवशी गिरणीत गेलो. मालकांचं म्हणणं एवढंच: सगळी खाती एका छपराखाली आणा, कामं झटपट व्हायला हवीत. कामं कुठे अडतात ते बघावं म्हणून मी एका चिठ्ठीच्या मागे निघालो. सूत संपल्याची चिठ्ठी घेऊन विणखात्याचे मास्तर नरसय्या आले. हपीस वीस पावलांवर. पण आत गादीवर हेडक्लार्क शिवलिंगप्पा, आणि अंगावर कापसाचे तंतू घेऊन कुणी आत यायचं नाही असा रिवाज. शिवलिंगप्पांनी खातेवहीतलं पान पुरं करून वर बघेपर्यंत नरसय्या खिडकीबाहेर उन्हात उभे होते. तिकडे माग बंद.

"रोज असंच?" मी विचारलं.

"व्हय की. सतरा वर्सं झाली. आतलं समदं दिसतंय की खिडकीतनं."

मला भलताच राग आला. त्या रागातच दोन दिवसांत नकाशा झाला. उत्तरेचा उजेड येणारी एकच मोठी खोली, मधोमध लांब टेबल, त्याभोवती सूत, विणकाम, विक्री आणि हिशेब अशा चार खात्यांच्या खुर्च्या. नरसय्यांना त्यांची खुर्ची दाखवली. कागदाला तेल लागेल म्हणून त्यांनी बोट टेकवलं नाही, नुसते वाकून बघत राहिले.

मालकांपुढे नकाशा ठेवला त्या दिवशी नरसय्या धुतलेला कोट घालून दाराशी उभे होते. मालकांना उजेड आवडला, टेबल आवडलं. मग त्यांनी विणकामाच्या खुर्चीवर पेन्सिल टेकवली.

"मास्तर खुर्चीत बसला तर मागांवर नजर कोण ठेवणार? एवढी काढून टाका, बाकी सगळं पसंत."

"त्यांस्नी खिडकी हाय की," शिवलिंगप्पा म्हणाले.

मी रबर काढलं आणि नरसय्यांच्या देखत ती खुर्ची खोडली. काम हातचं घालवायची माझी छाती नव्हती.

परतीच्या दिवशी नरसय्या स्टेशनवर आले. म्हणाले, "मनाला लावून घिऊ नका सायेब. बिल्डिंग लई झ्याक हुईल." त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

घरी येऊन आठवडा झाला. पक्का नकाशा कापडावर शाईनं काढतोय. काल टेबलाच्या त्या बाजूला आलो आणि लाजेनं कान तापले. तीन खुर्च्या काढून झाल्या होत्या. मी चौथी काढली. सोबत मालकांना सरळ लिहिलं, की विणकामाच्या मास्तरांना आत बसवायचं नसेल तर हा नकाशा माझा नाही. लखोटा आज सकाळी टपालात टाकला. तेव्हापासून जेवण गेलेलं नाही.