पेट न घेणारा फोम

भाट्याच्या रस्त्याला लवू बावीस वर्षं सोफे नि गाड्यांच्या सीटा भरत आला. मोडीत निघालेल्या बोटींतला जुना फोम त्याला स्वस्तात मिळे. हातात धरला की भुगा व्हायचा. पण गिऱ्हाइकासमोर लवू काडी ओढून त्याला लावी. "बघा, पेट घेत नाय!" गिऱ्हाईक खूश.

डबा तो कामावर बसूनच खाई. नळ पंधरा पावलांवर, पण हात धुवायला उठणं त्याच्या लेखी कामचुकारपणा. हात लेंग्याला पुसले की झालं. संध्याकाळी नाक शिंकरलं की पिवळा शेंबूड आणि त्यात भुगा.

गेल्या साली रक्त तपासलं. नळीत रक्त खाली बसलं नि वर ताकासारखा पांढुरका थर आला. चरबी चौपट! डॉक्टरने मान वर न करता गोळ्या लिहिल्या. "खोबरं बंद, तळलेलं बंद." लवूने अकरा महिने गोळ्या घेतल्या, दोन्ही पथ्यं पाळली, बिनखोबऱ्याचं कालवण गिळलं. पुन्हा तपासलं, तर आकडा फारसा हललेला नव्हता.

घरी येऊन त्याने ताट सरकवलं. "तू चोरून खोबरं घालतेस."

बायको दमयंती उसळली. "मी त्याच टोपातलं जेवते ना? माझं रक्त तपासा नि मग बोला!"

तपासलं. दमयंतीचं रक्त स्वच्छ.

नर्सिंग शिकणारी भाची दिशा दुकानात आली, तेव्हा एका हातात भाकरी धरून लवू गिऱ्हाइकाला काडीचा खेळ दाखवत होता. गिऱ्हाईक गेल्यावर तिने विचारलं, "मामा, हा पेट का घेत नाही?"

"औषध मारलेलं असतं गो."

"मग भुगा झाला की ते औषध जातं कुठे?"

लवूने हातातल्या भाकरीकडे पाहिलं. भाकरीवर पिवळी पूड बसली होती.

"अशा औषधांचा रक्तातल्या चरबीशी संबंध दिसतो, असं शिकवलं आम्हाला," दिशा म्हणाली. "तुमचं त्यानेच झालं, असं छातीठोक नाही सांगता येणार. पण खायचं कशाला?"

लवू बाहेर जाऊन थुंकला. पुन्हा थुंकला. बावीस वर्षं पंधरा पावलं वाचवली नि हे खाल्लं! भाकरी त्याने कुत्र्यालाही घातली नाही.

घरी पायरीवर दमयंतीने तांब्या पुढे केला. दिशाने आधीच फोन केला होता.

"कोपरापर्यंत."

त्याने धुतले. पाणी गढूळ उतरलं.

"तू खोबरं घातलं नव्हतंस."

"ते मला माहीत आहे. परत धुवा."