थेल्मा दार उघडत नव्हती

थेल्मा गारसाइड माझी शेजारीण. आमच्या गल्लीतली घरं एकमेकांना चिकटलेली, मधे एकच भिंत. तिची किटली शिट्टी मारायला लागली की मला माझ्या स्वयंपाकघरात कळायचं. किनाऱ्यावरच्या हॉटेलांच्या चादरी ज्या लाँड्रीत धुतल्या जायच्या, तिथे ती इस्त्रीच्या यंत्रावर होती. हात कोपरापर्यंत लाल, आवाज खणखणीत. गल्लीत कुणी आजारी पडलं की सगळ्यात आधी थेल्मा जाऊन बसायची. तिचं स्वतःचं दार दिवसभर नुसतं लोटलेलं असे.

लग्न तिनं केलं नाही. रक्ताचा म्हणून एकच माणूस होता, थोरला भाऊ लायनेल. सगळा जन्म मासेमारीच्या बोटींवर गेलेला, म्हातारपणी छातीनं अधू झालेला. गोदीजवळ एका खोलीत राहायचा. रविवारी दुपारी बसनं बहिणीकडे जेवायला यायचा. ती ओव्हनमध्ये मटण आणि बटाटे भाजायची. तो सावकाश चावत म्हणायचा, "आज बरं झालंय. बुटाच्या तळव्यापेक्षा मऊ आहे."

"पुढच्या रविवारी बूटच वाढते," ती म्हणायची. "मग सांग फरक."

लाँड्री बंद पडली तेव्हा थेल्मा साठीला टेकली होती. त्या वयाच्या बाईला नवं काम कोण देणार? सरकारी भत्ता सुरू व्हायला बरेच आठवडे लागले आणि तेवढ्यात घरपट्टीचा हप्ता चुकला. आमच्याकडे हप्ता चुकला आणि स्मरणपत्रानंतरही भरला नाही, की नगरपालिका सबंध वर्षाची रक्कम एकदम मागते. जिला एक हप्ता जमत नाही तिनं वर्षाचे पैसे कुठून आणायचे, हे विचारायला थेल्मा कचेरीत गेली. प्रकरण आता कोर्टात गेलंय, एवढंच तिला खिडकीतून सांगण्यात आलं. कोर्टातून ते वसुली करणाऱ्या बेलिफांकडे गेलं. बेलिफांनी त्यावर आपली फी चढवली, आणि दारी येण्याची फी वेगळी.

ओकली नावाचा बेलिफ यायचा. आडव्या अंगाचा, काळा कोट, छातीवर कॅमेरा. कधी आवाज चढवायचा नाही. दारातल्या टपालाच्या फटीशी वाकून म्हणायचा, "मिस गारसाइड, तुम्ही आत आहात. टीव्ही ऐकू येतोय मला." समोरच्या घरांचे पडदे हलायचे. थेल्माला त्या पडद्यांचीच जास्त लाज वाटायची.

गावातल्या मोफत सल्ला केंद्रातल्या बाईंनी तिला नीट समजावलं. तो दार फोडू शकत नाही. पण तुम्ही एकदा आत घेतलंत की जप्तीसाठी सामानाची यादी करेल, आणि मग पुढच्या वेळी त्याला अडवता येणार नाही. नगरपालिकेला कसं लिहायचं, कोर्टाकडे काय मागायचं, हेही त्या बाईंनी सांगितलं होतं. थेल्माच्या डोक्यात राहिलं एकच: दार उघडायचं नाही.

मग भिंतीपलीकडचे आवाज कमी होत गेले. आधी टीव्ही बंद झाला, मग रेडिओ. किटलीची शिट्टीही थांबली. ती पातेल्यात पाणी तापवू लागली. पडदे दिवसाही ओढलेले. मी मागच्या बोळातून जायची, खिडकीच्या काचेवर नखानं वाजवून नाव सांगायची, तेव्हा कडी निघायची. ओळखीचा नसलेला नंबर आला की ती फोन उचलत नसे. पुढे पुढे फोन बंद करून उशीखाली ठेवायला लागली. मी एकदा म्हटलं, अगं, असं कसं चालेल? ती म्हणाली, "मार्गी, तो फोन वाजला ना, की मला उलटीच होते."

त्या हिवाळ्यात लायनेलची छाती भरली. रविवारी त्याला येववेना, म्हणून तीच डबा घेऊन जायची. एका सोमवारी त्याच्या घरमालकिणीनं रुग्णवाहिका बोलावली. रुग्णालयातून थेल्माला फोन केले, परत परत केले. शेवटी मंगळवारी तिथल्या नर्सनं पोलिसांना सांगितलं आणि दुपारी एक हवालदार आमच्या गल्लीत आला.

मी तेव्हा शाळेच्या स्वयंपाकघरात कामावर होते. पुढचं थेल्मानंच मला सांगितलं. तिनं वरच्या पडद्याच्या कडेतून पाहिलं तर काळा कोट आणि खांद्यावरचं यंत्र दिसलं. ती पलंग आणि भिंत यांच्या मधे जमिनीवर पडून राहिली. हवालदारानं बराच वेळ दार ठोठावलं. मग फटीतून हाक मारली, "मिस गारसाइड, तुमच्या भावाबद्दल बोलायचंय. लायनेलबद्दल."

तिला वाटलं, या बेलिफांनी आता लायनेलचंही नाव शोधून काढलं. तिनं दोन्ही कान दाबून घेतले.

हवालदार समोरच्या घरी निरोप ठेवून गेला. मी कामावरून आले तेव्हा मला कळलं. मागच्या बाजूनं जाऊन तिला सांगितलं आणि आम्ही टॅक्सी करून निघालो. वाटभर ती नुसती कोटाचं बटण पिळत होती. आम्ही पोचायच्या तासभर आधी लायनेल गेला होता. नर्स चांगली होती, तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. ती म्हणाली, "सकाळी शुद्धीवर होते. बहीण आली का, असं विचारत होते. आम्ही म्हटलं, येतायत."

दफनाचा खर्च नगरपालिकेनं केला, कारण करणारं दुसरं कुणी नव्हतं. सकाळची सगळ्यात पहिली वेळ मिळाली. पाद्री, थेल्मा, मी आणि बोटीवरचे दोन म्हातारे.

त्याच आठवड्यात ओकली आला. मी तिच्याकडेच होते. थेल्मा उठली, पुढे गेली आणि दार सताड उघडून बाजूला उभी राहिली.

"या आत," ती म्हणाली. "चहा विचारत नाही, दूध संपलंय."

तो जरा गोंधळला. मग आत येऊन त्यानं जुना टीव्ही पाहिला, खचलेला कोच पाहिला. कोपऱ्यात रुग्णालयातून मिळालेली पिशवी होती, तिच्यातून बूट बाहेर आले होते. हे कुणाचं, असं त्यानं विचारलं.

"भावाचं. तो मेला. तुम्ही आलात असं समजून मी दार उघडलं नाही."

ओकलीनं टोपी काढली. "मी त्या दिवशी आलो नव्हतो, बाई."

"माहीत आहे मला," थेल्मा म्हणाली.

विकण्याजोगं काही नाही, असं लिहून तो गेला. प्रकरण फिरून कोर्टात आलं. तिथे तिला खर्च विचारले, मिळकत विचारली आणि बरीचशी रक्कम माफ केली. सगळं मिळून एका कपाचा चहा निवायला लागतो तेवढा वेळ. हे आधीच का नाही झालं, असं मी बाहेर कारकुनाला विचारलं. मिस गारसाइडनी तसं मागायला हवं होतं, तो म्हणाला. तेही खरंच होतं.

आता तिच्याकडे वसुलीला कुणी येत नाही. गल्लीतले लोक तिला सुटलीस म्हणतात, ती मान हलवते. डॉक्टर गोळ्या देतात, त्या घेते. मी संध्याकाळी तिच्याजवळ बसते. टीव्ही चालू असतो, पण ती बघत नसते. काळ गेला की बरं वाटेल, असं सगळे सांगतात. दोन हिवाळे गेले. मला तरी तसं दिसत नाही.