आधी वरवंटा

शुभावहिनी लग्न होऊन घाटकोपरच्या आमच्या चाळीत आली, तेव्हा ती लाकूड कुजवणाऱ्या बुरशीवर संशोधन करत होती. माझ्या भावाला, नंदकुमारला, तिचं केवढं कौतुक! मला मात्र धास्ती वाटायची. पोळ्या लाटता लाटता ती छताच्या तुळईकडे बघत राहायची, तिथून कुणी हाक मारल्यासारखी.

शहाऐंशी साली तिला मुलगा झाला. बारशाला आईने त्याच तुळईच्या लोखंडी हुकाला पाळणा टांगला. वहिनीने स्टुलावर चढून हुकाशेजारी केसातला आकडा टोचला. तो मुकाट्याने अख्खा आत गेला.

"आई, बाळाला यात नाही ठेवायचं."

"अगं, तुळईचा रंग बघ कसा चकचकीत आहे!" आई भडकली.

तोच तर घोळ होता. वरच्या शांताबाईंची मोरी झिरपायची आणि आम्ही शहाणे दर गणपतीला त्या ओल्या लाकडावर ऑइलपेंट फासायचो. ओल आत कोंडलेली.

"बुरशी हायड्रोजन पेरॉक्साइड सोडते," वहिनी मला सांगू लागली. "त्याला लोखंड भेटलं की मुक्त मूलक सुटतात. त्यांचा एक इलेक्ट्रॉन एकटा पडलेला, म्हणून समोर येईल त्याचं ओरबाडतात. क्षणभरही टिकत नाहीत, पण तेवढ्यात लाकडातल्या साखरेच्या साखळ्या तुटतात. वरून काही कळत नाही गं."

"शुभ दिवशी काय हे अभद्र!" आई म्हणाली. बायका जमल्या होत्या.

वहिनी रडकुंडीला आली. मग म्हणाली, "बरं. आपल्यात आधी वरवंटा निजवतात ना? त्याला चांगले झोके द्या. मग बाळ."

हे आईला पटलं. कुंची घातलेला वरवंटा पाळण्यात निजवला. बाळ माझ्या मांडीवर होतं, दोरीही मीच ओढत होते. बायका गात असतानाच पाळणा खाली आला. लाकूड कडाडलं नाही, हूक नुसता निसटला. वरवंट्याने फरशी फोडली. भोकातून तपकिरी चौकोनी तुकडे गळत होते, चिमटीत धरले की त्यांचं पीठ होत होतं.

मी बाळ पुढे केलं, पण वहिनीने घेतलं नाही. ती वर बघत होती. शांताबाई त्यांच्या खोलीत चालत होत्या आणि पावलागणिक भोकातून भुगा पडत होता.

"सगळ्या बाहेर व्हा. मी त्यांना घेऊन येते."

आईने तिचा हात घट्ट धरला. "इथूनच हाक मार की गं!"

"हाक मारली तर धावतील त्या." तिने हात सोडवला आणि ती जिना चढली.

बाळाला छातीशी धरून मी दाराबाहेर उभी राहिले. वर तिची पावलं शांताबाईंच्या पावलांकडे अगदी हळूहळू चालली होती.