फॉईलमध्ये गुंडाळून आलेली साडी

साडी परत करायची होती तर करायची, पण पोळ्या बांधायच्या चांदीच्या कागदात गुंडाळून? दुहेरी कागद, वरून चिकटपट्टी... आणि हातात दिली नाही, माझ्या दुकानाच्या पायरीवर ठेवून माणूस गाडीवर बसून निघून पण गेला.

रिसोडला माझं पिको-फॉलचं छोटं दुकान आहे. जन्मभर लोकांच्या साड्या केल्या, पण ही माझ्या होणाऱ्या सुनेची होती. विहारात साक्षगंध झालं तेव्हा तिने हीच नेसली होती... काय गोड दिसत होती पोरगी.

सोयरीक मोडायचं कारण ऐका. माझा सुमेध अणुवीज केंद्रात फिटर आहे, दूर बाहेरच्या राज्यात. आयटीआय केलं, परीक्षा दिली, लागला. साक्षगंधात पोरीकडचे हेच पाहुणे मिरवत होते, जावई केंद्र सरकारचा आहे म्हणून.

मग मोबाईलवर फिरलं की आपल्या जिल्ह्यात अणुभट्टी येणार. खरं का खोटं कोणी विचारलं नाही, सभा मात्र झाली. भोंग्यावर एक जण सांगत होता... सोयाबीन काळं पडणार, गाईला दोन तोंडाची वासरं होणार, तिथे काम करणाऱ्याच्या अंगातून किरणं निघतात, ती घरच्यांना लागतात.

मी उभी राहिले. म्हटलं, भाऊ, येणार असेल तर जमीन किती जाईल ते विचारा, पाणी कुठून घेणार ते विचारा, कचरा कुठे ठेवणार ते विचारा. तर म्हणे, "बाई, खाली बसा, तुमचा पोरगा त्याहिच्यातलाच हाय." सगळे हसले.

त्याच आठवड्यात पाहुणे घरी आले. केनवडच्या बाजूचे आहेत, नाव लिहीत नाही, पोरीची बदनामी नको. सुमेध सुट्टीवर आलेलाच होता. पोरीचे वडील चहा होईपर्यंत पण थांबले नाहीत... "ताई, राग नका मानू. पन पोराच्या अंगात ते रेडिएशन किती हाय?"

सुमेधने शांतपणे सांगितलं. कामावर छातीला बिल्ला असतो, किती लागलं ते त्यात मोजलं जातं. बाहेर निघताना मशीनसमोर उभं करून तपासतात, मगच सोडतात. एक्स-रे काढला म्हणून माणसाच्या अंगातून किरणं निघत नाहीत, तसंच हे.

"म्हंजे लागते!" पोरीच्या मामाने टाळीच वाजवली. "लागत नसतं तर बिल्ला कायले लावला असता?"

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "जीपले स्पीडचा काटा असते, म्हून ते रोज पलटी मारते का?" पण त्यांना काटा समजला नाही आणि बिल्ला पण नाही.

एकच खरी बोलली, पोरीची आई. डोळ्यात पाणी आणून म्हणाली, "माह्या पोरीले लेकरू झालं नाई, नाई तं अपंग झालं, तं आमी कोनाकडे जाऊ?" त्या बाईचा मला राग नाही. मी तिच्या जागी असते तर हेच विचारलं असतं.

मी म्हटलं, अहो, दर सुट्टीत मी याच्यासोबत एका ताटात जेवते, मला काय झालं? तर माझ्याच पोराने मला थांबवलं... "आई, तुले काई झालं नाई, यावरून काईच ठरत नाई. अन् मामाच्या गावातला कोनी आजारी पडला, यावरून बी नाई. हजारो कामगारायचं वर्षानुवर्षं मोजतात, त्यावरून ठरते." मग पोरीच्या आईकडे वळून म्हणाला, "काकू, नोकरीले लागायच्या आधी मीनं बी हेच विचारलं होतं. जेवढं लागू देतात, तेवढ्यानं लेकरायवर परिणाम दिसला नाई."

ती बाई ऐकत होती हो... खरंच ऐकत होती. तिथेच थांबायचं. पण याला खरं सांगायची खोड. म्हणाला, थोडंथोडं तर सगळीकडेच असतं, मातीत, केळीत, तुमच्याआमच्या अंगात पण.

झालं. पोरीचे वडील उभेच राहिले. "माह्या अंगात? मले सुपारीचं खांड चालत नाई, अन् माह्या अंगात काढता?" आणि पोरीच्या मामीने काय करावं... मी ठेवलेलं केळं लहानी पोर खात होती, ते तिच्या हातातून ओढून परत ताटात ठेवलं. अर्धं खाल्लेलं.

मी चौथी शिकलेली बाई. पण आपल्या समाजात लहानपणापासून हेच ऐकलं ना, कोणी सांगितलं म्हणून मानू नका, विचार करा, पारखून घ्या. आपण लिंबू-मिरची सोडली आणि आता किरणं अडवायला फॉईल धरला... मग सोडलं काय?

मध्यस्थ म्हणतो, दुसरी पोरगी पाहू, बायोडाटात नुसतं "वीज कंपनी" लिहा. गल्लीतले विचारतात, पोरगा अंधारात चमकते का. आणि काल सुमेध मला म्हणाला, "आई, नोकरीच सोडून देऊ का?" ज्या पोराने सगळ्यांना शांतपणे समजावलं, तो हे म्हणतो. मी मशीन चालवत राहिले. कोणाला समजावायचं? कोणाला ऐकायचंच नाही.

पाहुणे, तुम्ही फोन उचलत नाही म्हणून इथे ग्रुपवर लिहिते, तुमच्या गावातले लोक वाचतातच. तुम्ही ठरवलं, मामाने ठरवलं, भोंग्यावरच्या माणसाने ठरवलं. पोरीला विचारलं का? सुमेधने सांगितलेलं तिच्या कानावर तरी घातलं का?

सुमेधची गाडी रविवारी सकाळी आहे. तिने सगळं ऐकून नाही म्हटलं तर मी एक शब्द बोलणार नाही. पण ते मला तिच्या तोंडून पाहिजे, आणि शनिवार संध्याकाळपर्यंत पाहिजे.